दार आधी, अ‍ॅम्प नंतर: नाना पेठेतल्या काकांना आभाराचं पत्र

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या गाडीत नवी साउंड सिस्टीम बसवून दिलीत, त्याचे आभार तोंडी मानले होतेच. पण तुमचं निम्मं काम दाराच्या ट्रिममागे आणि कार्पेटखाली झाकलं गेलंय, ते कुणाच्या नजरेला पडणार नाही. गाडीला नवे स्पीकर लावायला निघालेल्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे उघड पत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिले आभार तुम्ही जे विकलं नाहीत त्याचे. कंपनीचा स्क्रीन काढून दुसरा बसवा, हा सल्ला कुठेही फुकट मिळतो. पण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं त्याच स्क्रीनला जोडलेली असतात. तुम्ही तो जागेवर ठेवलात. स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ छापलेलं असलं तरी आतली आयसी (आवाज मोठा करणारी चिप) गाडीच्या १४.४ व्होल्टवरच चालते, त्यामुळे ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) स्पीकरला तिच्याकडून स्वच्छ असे १८-२० वॅटच मिळतात, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. म्हणून बदल तेवढाच: पुढच्या दारांत ६.५ इंची कंपोनंट (मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्विटर असे वेगवेगळे), सिग्नलची ताकद वाढवणारा एक ४ चॅनेलचा, प्रत्येक चॅनेलला सलग ७५ वॅट (आरएमएस) देणारा क्लास डी अ‍ॅम्प, आणि त्याचेच मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिकीत १० इंची सबवूफर (फक्त खोल बेससाठीचा स्पीकर). मागच्या दारांतले स्पीकर कंपनीचेच, स्क्रीनवरच चालणारे. गाणं समोरून ऐकायचं असतं, मागच्या स्पीकरवर पैसे घालणं वाया, हे तुमचं मत मलाही पटतं.

खरं कौशल्य दारात दिसलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तुम्ही दहा मिनिटं थांबलात, कारण एअरबॅगची वायरिंग जवळून जाते. मग ट्रिम. बहुतेक दुकानांत इथे जुना स्पीकर काढून त्याच भोकात नवा ठोकतात आणि मग गिऱ्हाईक विचारतं की इतके पैसे घालूनही बेस का नाही. बेस नसतो, कारण दाराच्या आतल्या पत्र्याला हाताएवढी भोकं असतात. स्पीकरच्या कोनच्या (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याच्या) मागची हवा त्यांतून पुढे येते आणि पुढच्या हवेला मारते. तुम्ही बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिमीची बुटिल शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) रोलरने दाबून लावलीत, त्याआधी पत्रा थिनरने पुसलात. डांबराची शीट स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये ती वास मारते आणि सुटून खाली घसरते. आतल्या पत्र्याची भोकंही बुटिलनेच बंद केलीत. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेवलीत. ती बुजली की पहिल्याच पावसाळ्यात दारात पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो.

स्पीकरखालच्या स्पेसर रिंगसाठी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरायला तुम्ही साफ नकार दिलात. दारात ओल येतेच, एमडीएफ फुगतो आणि स्क्रू पकड सोडतात. एचडीपीई या टणक प्लास्टिकची रिंग घातलीत, आणि तीही काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेट आणि काच यांत अंतर राहतं का हे बघूनच. स्पीकर आणि ट्रिमची जाळी यांच्यामध्ये फोमची कडी हा शेवटचा भाग. ती नसेल तर निम्मा आवाज ट्रिमच्या पोटातच फिरत राहतो आणि क्लिपा खुळखुळतात. क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करून त्या त्या स्पीकरला देणारी डबी) दारात न ठेवता डॅशबोर्डखाली कोरड्या जागी बांधलात. ट्विटर काचेजवळ असल्यामुळे आवाज चरचरीत होतो, म्हणून तो −३ डीबीवर ठेवलात.

वायरिंगचा हिशोब तर लिहूनच ठेवला आहे. पुढचे १५० आणि सबचे साधारण २०० मिळून ३५० वॅट. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीकडून सुमारे ४४० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला ३२ अँपियर. पाच मीटर ८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या वायरमध्ये एवढ्या करंटला ०.३ व्होल्टच्या आसपास पडतात. ‘अ‍ॅम्प किट’च्या नावाने जी जाड, चकचकीत वायर मिळते, ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते, तिच्यात हाच आकडा दीडपट होतो. टोक खरवडून आतला पांढरा रंग कसा ओळखायचा, ते तुम्ही दाखवलंत. फ्यूज ४० अँपियरचा, बॅटरीपासून वीतभरावर. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी आहे. तो डिकीत लावला, तर मधली पाच मीटर वायर कुठेही पत्र्याला घासली की पेट घेते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला रबरी कडी.

अर्थची वायर हातभरही नाही. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), दातेरी वॉशर, बोल्ट, आणि वरून गंज धरू नये म्हणून रंगाचा हात. सीटबेल्टचा बोल्ट आयता मिळतो, पण त्याला हात लावायचा नाही.

सिग्नल स्क्रीनच्या मागून, कपलर लावून घेतलात. कंपनीची एकही वायर कापली नाही, त्यामुळे उद्या सगळं काढून गाडी मूळ रूपात आणता येईल. अ‍ॅम्पला हाय-लेव्हल इनपुट (थेट स्पीकरच्या वायरचा सिग्नल घेण्याची सोय) असल्याने त्याला चालू करणारी वेगळी रिमोट वायरही लागली नाही. स्टिरिओ चालू झाला की स्पीकरच्या वायरवर ६ व्होल्टच्या आसपास डीसी येतो, त्यावरच अ‍ॅम्प जागा होतो. पॉवरची वायर डाव्या सिलखालून (दाराच्या उंबऱ्याखालून), सिग्नलची उजव्या. इंजिनाच्या रेसबरोबर चढणारी ती शीळ म्हणूनच कुठे ऐकू येत नाही.

सगळ्यात कमी वेळ लागला गेनला (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी कळ), आणि तिथेच सगळ्यांचे ट्विटर जळतात. गेन म्हणजे दुसरा व्हॉल्यूम समजून लोक तो पूर्ण फिरवतात. मग सिग्नल क्लिप होतो, म्हणजे त्याचे शेंडे छाटले जातात, आणि ट्विटरची कॉइल तापते. तुम्ही स्पीकर सोडवलेत, इक्वलायझर सपाट केलात, ४० पैकी ३० व्हॉल्यूमवर १ किलोहर्ट्झचा टोन लावलात आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवलात. ७५ वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. तेवढे व्होल्ट दिसले की हात काढायचा. सबसाठी ५० हर्ट्झचा टोन आणि २८ व्होल्ट. सबची कॉइल ४ ओहमचीच घ्यायला लावलीत, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो आणि २ ओहमचा सब लावला तर अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज अडवणारा), सबला ८०चा लो-पास (त्यावरचा अडवणारा), बेस बूस्ट शून्य. हे बटण कंपन्या अ‍ॅम्पवर देतात तरी कशाला, कोण जाणे. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून सबचा फेज (कोन पुढे-मागे हलण्याची दिशा) ० आणि १८० अंश असा फिरवला, जिथे ढोलकी भरीव लागली तिथे ठेवला.

अर्थचा बोल्ट महिन्याभराने पुन्हा आवळायला सांगितलंत, त्यासाठी येतोच आहे. त्याच वेळी मागच्या दारांनाही बुटिल लावून टाकू. स्पीकर मात्र कंपनीचेच राहू देत.

आपला,
एक समाधानी गिऱ्हाईक