दर उतरला, कर चढला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेच्या प्राप्तिकराचा अध्यक्षनिहाय तक्ता वाचला. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज मुली शाळेत गेल्याबरोबर लिहायला बसले.

आयझेनहॉवर ९१ टक्के, रेगन २८, क्लिंटन ३९.६, ट्रम्प ३७. आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष की रिपब्लिकन अध्यक्ष आला की कराचं ओझं उतरतं. अहो, आयझेनहॉवर रिपब्लिकनच होते! तुमचा पहिलाच रकाना तुमच्या निष्कर्षाला खोटं ठरवतो. तो दर खाली आणणाऱ्या १९६४ च्या कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट जॉन्सन यांनी. शिवाय हे सगळे सर्वांत वरच्या स्लॅबचे दर आहेत. ९१ टक्के लागायचे ते जोडप्याच्या चार लाख डॉलरवरच्या उत्पन्नाला, तेही १९५० च्या दशकात. सामान्य पगारदाराने किती भरलं, हे त्यातून कसं कळणार?

आता आमचं ऐका. आमच्या घरी रिटर्न मीच भरते, काल रात्री जुन्या फायली काढून पुन्हा आकडे ताडून पाहिले. २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी यजमानांचा पगार ९५ हजार डॉलर, एका डॉलरचीही वाढ नाही. ते एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि नाशिकला जन्मलेल्या दोन मुली एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. २०१७ मध्ये माणशी ४,०५० डॉलरची सूट होती आणि १२,७०० चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे चौघांचे मिळून २८,९०० डॉलर करमुक्त. ट्रम्प यांच्या २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन २४,००० केलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला. पण माणशी सूट पूर्ण काढून टाकली, हे कोणी सांगत नाही. चौघांच्या घराला २८,९०० चे २४,००० झाले.

आणि मुलींचं काय? चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे दर मुलामागे करातून थेट वजा होणारी रक्कम, हजाराचं दोन हजार झालं, पण मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर (नागरिकांना, ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना असलेल्यांना मिळणारा सरकारी नंबर) हवा, ही अट त्याच कायद्यात आली. एच-४ वरच्या मुलांना तो मिळत नाही, त्यांच्याकडे आयटीआयएन, म्हणजे फक्त करापुरता दिलेला नंबर असतो. त्या नंबरावर २०१७ पर्यंत आम्हाला दर मुलीमागे हजार डॉलर मिळत होते, ते २०१८ पासून पाचशे झाले. सगळं धरून आमचा कर २०१७ मध्ये ६,९८२ डॉलर होता, तो २०१८ मध्ये ७,१३९ झाला. स्लॅब १५ वरून १२ टक्क्यांवर आला, तरी कर वाढला.

समोरच्या घरातलं कुटुंबही मराठीच, ग्रीन कार्डवर, पगार तेवढाच, मुलंही दोनच, फक्त जन्मलेली न्यू जर्सीत. त्यांचं रिटर्नही माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरलं. त्यांचा कर ६,९८२ वरून ४,१३९ वर आला. अध्यक्ष तेच, कायदा तोच, जिना एकच. तुमच्या तक्त्यात आम्हा दोन्ही घरांना ट्रम्प यांच्या नावासमोरचा एकच आकडा आहे.

डेमोक्रॅटांची बाजू घ्यायला मी लिहीत नाही. २०२१ मध्ये बायडन यांनी तेच क्रेडिट ३,००० ते ३,६०० डॉलर केलं, जुलैपासून लोकांच्या खात्यात दरमहा पैसे येऊ लागले, पण नंबराची अट तशीच ठेवली. माझ्या मुलींना त्यातलं काही मिळालं नाही.

त्याच पानावर तुम्ही लिहिलंत की कोविडच्या काळात 'अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांनाही घरबसल्या चेक आले'. हे वाचून मला फार वाईट वाटलं. चौघांच्या घराला सरकारी मदतीचे ३,४०० डॉलर मिळायचे होते, समोरच्यांना मिळाले. आम्हाला एप्रिल २०२० मध्ये एक डॉलरही आला नाही, कारण संयुक्त रिटर्नवर माझ्या नावापुढे आयटीआयएन होता, आणि त्यामुळे रीतसर नंबर असलेल्या, कर भरणाऱ्या माझ्या नवऱ्याचाही हक्क गेला. डिसेंबरमधल्या कायद्याने ती चूक दुरुस्त झाली, पण त्यांच्या एकट्यापुरती. कृपया हे वाक्य दुरुस्त करून छापा.

आणि तक्ता पुन्हा छापणार असाल, तर पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचाही रकाना द्या. ७.६५ टक्के. ९५ हजारांवर ७,२६७ डॉलर, म्हणजे आमच्या २०१७ च्या प्राप्तिकरापेक्षा जास्त! साधारण दहा वर्षं कमाई झाल्याशिवाय त्यातून पेन्शन नाही, एच-१बी ची मूळ मुदत सहा वर्षांची, आणि भारत-अमेरिका यांच्यात याबाबतचा करार अजून नाही. परत गेलेल्या कित्येकांचे पैसे इथेच राहिले. हे कुठल्या पक्षाच्या खात्यात मांडणार?

२०१७ च्या कायद्यातले हे नियम २०२५ अखेर संपणार होते. माणशी सूट परत येणार होती, मुलींचे हजार-हजार डॉलरही. मी खरंच वर्षं मोजत होते. ४ जुलै २०२५ ला नव्या कायद्यावर सही झाली आणि नंबराची अट कायमची झाली. मला २०२२ मध्ये कामाचा परवाना मिळाला, त्याबरोबर नंबरही मिळाला. मुलींना नाही. हे क्रेडिट सतरा वर्षांखालच्या मुलांनाच असतं, आणि माझी थोरली पुढच्या वर्षी सतरा पूर्ण करते.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ नाशिक)