संगणकावरील अनोळखी फाइली पुसण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून आमच्या मालवण तालुक्यातल्या वाचनालयांत, पतसंस्थांत आणि शाळांच्या कार्यालयांत जुने संगणक रिकामे करून नव्या प्रणालीसाठी जागा करण्याची लगबग दिसते. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते आणि आमच्याकडच्या अनेक संगणकांचा सी ड्राइव्ह केव्हाच काठोकाठ भरलेला असतो. त्यामुळे ज्या फाइलीचे नाव कळत नाही ती आधी उडवावी, असा सोपा मार्ग पुष्कळ जण धरतात. या मार्गाने आमच्या वाचनालयाचे जे झाले, ते इतर संस्थांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह होतो. गणपतीला मुंबईहून आलेल्या, संगणकाची चांगली जाण असलेल्या एका तरुणाने आपणहून संगणक साफ करून देण्याची तयारी दाखवली आणि "नको असेल ते काढून टाक" असे मीच त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी ग्रंथांची यादी उघडली, तर मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा काला पडद्यावर उमटला. त्याने फॉन्टच्या फोल्डरमधली ओळखीची नसलेली नावे काढली होती. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये गेलो, तर 'कंपनी' (तेथे संस्थेच्या हिशेबाला हेच नाव असते) सापडत नाही एवढाच अर्थबोध होत होता. '१००००' अशा नुसत्या आकड्याचे एक फोल्डर, ज्यातल्या फाइलींच्या नावाला '९००' असे शेपूट होते, ते त्याला एखाद्या प्रोग्रामने टाकून दिलेला कचरा वाटले. टॅली ईआरपी ९ आपला हिशेब अशाच आकडी नावाच्या फोल्डरात आणि अशाच शेपटाच्या फाइलींत ठेवते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबल्यामुळे यातले काहीच रिसायकल बिनमध्ये गेले नाही. त्या संगणकात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क होती. अशा डिस्कवर पुसलेली जागा प्रणाली स्वतःच मोकळी करून टाकत असल्याने, जुन्या हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत मिळते तसे येथे काही हाती लागले नाही. ३१ मार्चची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती, म्हणून मागची वर्षे वाचली. एप्रिलपासून पुढचा हिशेब मात्र पावतीपुस्तक आणि कीर्द समोर ठेवून आम्ही तिघांनी महिनाभर संध्याकाळी बसून पुन्हा भरला.

फॉन्टची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मराठी संस्थांची खास अडचण आहे. देवनागरीला युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान असले, तरी आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे श्रीलिपी, आयएसएम अशा साधनांवर मजकूर टंकित होत राहिला. त्या पद्धतीत बहुधा फाइलीत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचे असतात आणि त्यांना 'क' किंवा 'ळ' हे रूप केवळ तो विशिष्ट फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की मजकूर जागच्या जागी असतो, पण कोणाला वाचता येत नाही. असे पान उघडून "फाइल खराब झाली" असे समजून तीही पुसली, तर मात्र नुकसान कायमचे होते. आमच्या कपाटात मूळ सीडी सापडली, तिच्यावरून फॉन्ट पुन्हा बसवले आणि यादी क्षणात वाचण्याजोगी झाली. कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर मोडीतले कागद असतात. जेथे ते वाचता येत नाहीत एवढ्यावरून कोणी चुलीत घातले नाहीत, तेथे पुढे जमिनीच्या वादात तेच कामी आले. न वाचता येणे आणि निरुपयोगी असणे यांतला हा फरक आपल्याला कागदाच्या बाबतीत समजतो, तर संगणकाच्या बाबतीतही समजायला हवा.

मग ठरवायचे कसे? माझ्या मते नावापेक्षा फाइलीचा ठिकाणा आधी पाहावा. विंडोजच्या आणि प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरांत हाताने काहीही पुसू नये, मग नाव कितीही विचित्र वाटो. विंडोजमधल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरातल्या फाइलींची नावे निरर्थक अक्षरांची असतात, पण त्या गेल्या तर बसवलेला प्रोग्राम पुढे दुरुस्तही होत नाही आणि नीट काढताही येत नाही. 'विनएसएक्सएस' हे फोल्डर अवाढव्य दिसते, कारण त्यातल्या अनेक फाइली इतर ठिकाणीही जोडलेल्या असून त्यांचे माप दोनदा मोजले जाते. 'हायबरफिल' ही काही जीबींची फाइल सलत असेल, तर हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय बंद करावी, म्हणजे ती आपोआप जाते. जागा हवी असल्यास प्रणालीची स्वतःची डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्स ही साधने वापरावीत. तात्पुरत्या फाइली आणि ब्राउझरचा साठा काढायला हरकत नाही. 'विंडोज.ओल्ड' या जुन्या प्रणालीच्या फाइली ठेवलेल्या फोल्डरमध्ये कधीकधी आपली जुनी कागदपत्रेही असतात. ते फोल्डर नवी प्रणाली बसवल्यावर साधारण १० दिवसांनी आपोआप काढले जाते, म्हणून ते त्याआधीच उघडून पाहावे.

फाइल शेवटची केव्हा उघडली त्या तारखेवर विसंबणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत ही तारीख मुळात अद्ययावत होतच नाही. शिवाय संस्थेच्या कामाची लयच वार्षिक असते. लेखापरीक्षणाचे तक्ते, वार्षिक सभेचा अहवाल, अनुदानाचे नमुने यांना वर्षातून एकदाच हात लागतो, आणि ज्या फाइलीला अकरा महिने कोणी विचारले नाही ती बाराव्या महिन्यात नेमकी हवी असते. म्हणून संशयित फाइल पुसण्याऐवजी 'तपासायचे' असे नाव आणि त्या दिवसाची तारीख दिलेल्या फोल्डरात, शक्यतो बाहेरच्या डिस्कवर, हलवावी आणि संस्थेच्या बाबतीत पूर्ण एक वर्ष तशीच ठेवावी.

"अमुक फाइल दिसली तर ती व्हायरस आहे, ताबडतोब काढा" असे संदेश आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, पण ही जुनीच युक्ती आहे. २००२ साली ईमेलवरून एक इशारा जगभर फिरला होता, की संगणकात अस्वलाचे चित्र असलेली 'जेडीबीजीएमजीआर' नावाची फाइल सापडल्यास ती व्हायरस समजून पुसावी. ती फाइल मायक्रोसॉफ्टचीच होती आणि विंडोजबरोबरच येत असे. म्हणून ज्याने ज्याने शोधली त्याला ती सापडली आणि इशारा खरा वाटला. सापडणे हाच पुरावा मानला की अशी फसगत होते.

याचा अर्थ अनोळखी फाइल नेहमी निर्दोष असते असा मुळीच नाही. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस फाइलीचे खरे शेपूट (एक्स्टेंशन, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे) दिसत नाही याच गोष्टीचा फायदा घेऊन पसरला. विंडोज अजूनही हे शेपूट लपवते, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही प्रत्यक्षात प्रोग्राम असलेली फाइल 'बिल.पीडीएफ' म्हणून दिसू शकते. फाइल एक्सप्लोररमध्ये नावांची शेपटे दाखवण्याची खूण करून ठेवली, तर हा डाव पुष्कळसा उघडा पडतो. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव सिस्टम ३२ फोल्डरात असले तर ते प्रणालीचे, पण तेच नाव डाउनलोड्समध्ये दिसले तर संशय घ्यावा. मात्र खरी-खोटी ठरवण्यासाठी फाइल उघडून पाहू नये. उजव्या बटणाने तिचे गुणधर्म पाहावेत, डिजिटल स्वाक्षरी कोणाची आहे आणि फाइल कोणत्या दिवशी आली ते वाचावे, मग अँटीव्हायरसकडून तपासून घ्यावी. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून यासाठी मोफत साधनेही आहेत.

झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हवर फोल्डरांऐवजी शॉर्टकट दिसतात, हा अनुभव आमच्याकडे घरोघरी आहे. लोक घाबरून सगळे पुसतात किंवा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात. बहुतेक वेळा त्या व्हायरसने मूळ फाइली नष्ट केलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात आणि जाणकार माणूस त्या पाच मिनिटांत दिसत्या करून देतो. पेन ड्राइव्हवरून पुसलेले सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे.

आमच्या वाचनालयात आता डेड स्टॉक रजिस्टरमध्येच संगणकासाठी दोन पाने राखली आहेत. कोणते फोल्डर कशाचे, कोणत्या प्रोग्रामचे, त्याची प्रत कोठे, हे शाईने लिहिलेले आहे. '१००००' समोर "हिशेब, हात लावू नये" अशी नोंद आहे आणि ती त्याच तरुणाने पुढच्या गणपतीत येऊन स्वतःच्या हस्ताक्षरात केली. फॉन्टची ती सीडीही त्यानेच दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली. खाऱ्या आणि दमट हवेने आमच्याकडे सीडींवर बुरशी धरते. तालुक्यातल्या इतर वाचनालयांच्या कपाटांत अशा सीडी असतीलच, त्यांच्या प्रती येत्या पावसाळ्यापूर्वी काढून घ्याव्यात, अशी माझी आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एका ग्रामीण वाचनालयाचा माजी कार्यवाह,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग