मंत्रीसाहेब, चूक दुकानाची आणि टेम्पोचं भाडं माझं?

मा. मंत्रीमहोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि. तुम्ही कामात असणार म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलेय, जमेल असं वाटत नाही.

गणपतीच्या आठ दिवस आधी पेपरातून एक पँपलेट आलं. चिपळूणच्या एका दुकानाचं, गुळगुळीत कागद, वर बाप्पा आणि खाली डीप फ्रीझर, २०० लिटर, "फक्त ९,९९०". मी गुहागर तालुक्यातली, घरगुती खानावळ चालवते. चाकरमानी उतरले की मोदक, सोलकढी, मासे सगळं एकदम अंगावर येतं आणि फ्रीझर नसल्यामुळे दरवर्षी खवलेलं खोबरं आंबून टाकून द्यावं लागतं. म्हटलं यंदा घेऊयाच. बचत गटातून दहा हजार उचलले, पहाटेची एसटी पकडली आणि गावातला छोटा हत्ती टेम्पो २,२०० ला ठरवून मागोमाग बोलावला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट तुमच्याच सरकारनं केलंय, त्याबद्दल खरंच आभार, पण छोट्या हत्तीला अर्धं तिकीट नसतं ना साहेब.

दुकानात मॅनेजर हसत म्हणाला, "ताई, प्रिंटिंग मिस्टेक आहे ती, एक आकडा राहिलाय, १९,९९० आहे." मी पँपलेट दाखवलं तर त्यानं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. मोहरीएवढी अक्षरं! मिस्टरांनी चष्मा पुसून वाचलं, छपाईतील चुकांना दुकान जबाबदार नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, "आलाच आहात तर ईएमआयवर करून देऊ का?"

आता चूक माणसाकडून होते हे मला कळतं. १९९ रुपये छापलं असतं तर मी घरी बसून हसले असते, टेम्पो नसता केला. पण ऑफरच्या दिवसांत ९,९९० ला फ्रीझर हे कुणालाही खरंच वाटणार. आणि पाचव्या दिवशी माझी जाऊ चिपळूणला गेली तेव्हा तेच पँपलेट त्याच दुकानाच्या काचेवर चिकटवलेलं होतं, फोटो आहे माझ्याकडे. पहिल्या दिवशी मिस्टेक समजली मी. पाचव्या दिवशी काय समजू?

माझ्याकडूनही झालीये अशी चूक. मागच्या वर्षी व्हॉट्सॲप स्टेटसला अकरा मोदक २५० च्या जागी १५० टाकले गेले, रात्री बघितलं तोवर सात ऑर्डरी आलेल्या. स्टेटस तेव्हाच बदललं आणि ते सात डबे १५० नेच दिले. सासूबाई म्हणाल्या, शब्द गेला म्हणजे गेला. आमच्याकडे मोहरीएवढी ओळ नव्हती छापलेली.

वाडीतल्या एका वकील भाऊंना विचारलं. ते म्हणाले, जाहिरात म्हणजे कायद्यानं प्रस्तावच नाही, नुसतं आमंत्रण, दुकानदार हो म्हणेपर्यंत सौदा होत नाही. त्यासाठी १९६० सालची इंग्लंडातली केस सांगितली, ब्रिस्टलच्या एका दुकानात काचेमागे किंमत लावून सुरा ठेवलेला, कोर्ट म्हणालं ही विक्रीची ऑफर नव्हेच. अहो मला सुरा नको होता, फ्रीझर हवा होता! पण भाऊंनी पुढे हेही सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जी किंमत द्यायचीच नाही ती छापून गिऱ्हाईक ओढणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, २०२२ च्या नियमावलीत तर आमिषाच्या जाहिरातीचा वेगळा उल्लेख आहे, आणि फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड. दंड करणारं प्राधिकरण कुठे, तर दिल्लीत. माझ्या फ्रीझरसाठी दिल्लीहून कोण येणार?

गेल्या ग्राहक दिनाला, २४ डिसेंबरला, आमच्याकडे कार्यक्रम झाला, तिथे एक साहेब माईकवर म्हणाले होते, "एक अर्ज करा, बाकी आमच्यावर सोडा." सोडलं. एका कचेरीत लेखी अर्ज दिला, फोटो जोडला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "संबंधित दुकानदाराने चूक मान्य केली असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." म्हणजे कबूल केलं की सुटला! मी लाईट बिल चार दिवस उशिरा भरलं आणि चूक मान्य केली तर दंड निकाली काढता का हो? आमची चूक आम्ही भरायची, त्यांचीही आम्हीच भरायची. शंभरातले नव्वद जण गप्प घरी जात असतील, हा आपला माझा अंदाज.

ग्राहक आयोगात जा म्हणतात, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पण आयोग रत्नागिरीला. तवसाळहून फेरीबोटीनं जयगड, तिथून पुढे गाडी, दिवस गेला, खानावळ बंद. ऑनलाइन करा म्हणतात, रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं, पावसात छत्री धरून पीडीएफ अपलोड करून बघा एकदा.

आणि दुकानदाराला तरी किती बोलू. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा याच बाजारातल्या व्यापाऱ्यांची उधारी आम्ही न मागता नेऊन दिली होती. मग चुकीचं छापून हात झटकायला शिकवलं कुणी त्यांना? मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, दर गणपतीला पुरं व्हायची नवी तारीख छापून येते, फोटोसकट. ती पण प्रिंटिंग मिस्टेकच ना? तुमच्या जाहीरनाम्याखाली तर मोहरीएवढी ओळसुद्धा नसते.

मला फ्रीझर ९,९९० लाच द्या असा हट्ट नाही आता. टेम्पोचे २,२०० आणि तिकिटाचे पैसे त्या दुकानानं द्यावेत, आणि चूक कळली त्याच दिवशी दाराबाहेर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्तीचा बोर्ड लावायची सक्ती करा, नाही लावला तर छापल्या भावात माल द्यायचा. यात दिल्लीला विचारायचं असेल तर विचारा. पँपलेटची झेरॉक्स जोडलीये, मूळ प्रत माझ्याकडेच ठेवतेय.

आपली,
गुहागर तालुक्यातली एक गिऱ्हाईक

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच पेपरातून दिवाळीचं पँपलेट पडलं. तेच दुकान, तोच फ्रीझर, ९,९९०. पुढे बारीक अक्षरांत "पासून" वाढवलंय.