सुभेदार साहेब, तुम्ही आधी नाव तपासायला लावलंत

आदरणीय सुभेदार साहेब,
जय हिंद.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तुम्ही आता निवृत्त होताय. निरोपाच्या कार्यक्रमात हारतुरे होतील, भाषणं होतील आणि नेमकं कामाचं बोलायचं राहून जाईल. म्हणून हे उघड पत्र.

जवानाच्या माघारी त्याच्या पत्नीला नोकरी-शिक्षणात काय मिळू शकतं, हे सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. पेन्शनचे आदेश एका खात्याचे, राखीव जागांचे दुसऱ्याचे, शिष्यवृत्ती केंद्रीय सैनिक बोर्डाची, अधिकारी भरतीची जाहिरात लष्कराची. ‘पात्र’ कोण, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. या गुंत्यात शिरायचं कुठून, ते तुम्ही दाखवलंत. नावापासून.

दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या लष्करी आदेशात, युनिटच्या क्लार्कने ऐकून लिहिलेलं तिसरंच काहीतरी. एखादी वेलांटी, एखादं आडनाव, कधी जन्मसालही. जवान हयात असतो तोवर याकडे कुणी बघत नाही. नंतर ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर नाव आधारशी जुळत नाही आणि काम अडतं. नोकरीच्या अर्जात तर पदवीवरची बाई आणि पीपीओवरची (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरची) बाई एकच आहे, हे सिद्ध करत बसावं लागतं.

तुमची पद्धत आम्ही उचलली. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे आणि पेन्सिलीने अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. मग विवाह नोंदणीचा दाखला, गरज असेल तर राजपत्रात नावबदल, प्रतिज्ञापत्र, आणि हे सगळं जमल्यावरच जवानाच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा आणि पीपीओ क्रमांक सगळ्यात वर. ‘आधारच बदलून घ्या, सोपं पडतं’ हा सेतू केंद्रातला सल्ला तुम्ही कायम मोडून काढलात. कारण आधार बदललं की बँक आणि पॅन जुन्याच नावावर राहतात, म्हणजे एक घोळ मिटवताना आणखी दोन तयार. दुरुस्त पीपीओ हातात येईपर्यंत पुढचा अर्ज नाही, हा तुमचा नियम सुरुवातीला जाचक वाटायचा. आता आम्हीच तो इतरांना सांगतो.

दुसरी गोष्ट मृत्यूच्या नोंदीची. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतला मृत्यू) आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणाने आलेला) यांत फक्त शब्दांचा फरक नाही. पहिल्यात लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी रक्कम. मृत्यू सेवेमुळे आला पण लढाईत नाही, तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. सेवेशी संबंध नसेल तर साधी, 30 टक्के. नोकरीतही हीच चाळणी लागते. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत गट क आणि ड मधल्या 4.5 टक्के जागा अपंग माजी सैनिक आणि युद्धात कामी आलेल्यांच्या अवलंबितांसाठी आहेत. अपघातात गेलेल्या जवानाची पत्नी तिथे अर्ज करते आणि बाद होते. उलट चेन्नईच्या ओटीएमधून, म्हणजे लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून, अधिकारी होण्याची जागा सेवेत असताना निधन पावलेल्या कुणाही जवानाच्या पत्नीला खुली असते. ती ‘फक्त शहिदांसाठी’ आहे असं समजून पुष्कळ जणी अर्जच करत नाहीत. हा फरक तुम्ही आकृती काढून समजावायचात.

त्या भरतीबद्दलही तुम्ही भाबडी आशा लावली नाहीत. नॉन-टेक्निकलला कोणत्याही शाखेची पदवी चालते, टेक्निकलला इंजिनिअरिंग लागतं, वय 35 पर्यंत, पुनर्विवाह झालेला नसावा, आणि वीरपत्नींसाठी जागा दोन्हींकडे जेमतेम एकेक. पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे निवड चाचण्या आणि मुलाखत, मग 49 आठवड्यांचं प्रशिक्षण. कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात शहीद झाले आणि स्वाती महाडिक सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या, हे साताऱ्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण त्यांना वयाची सवलत खास बाब म्हणून मिळाली होती, सरसकट नियम म्हणून नव्हे. 34 व्या वर्षी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांना हे तुम्ही तोंडावर सांगितलंत, ते बरं केलंत.

नोकरी लागली की पेन्शन बंद होते, ही गावोगावची समजूत तुम्ही किती वेळा खोडलीत त्याला गणती नाही. पत्नीच्या कमाईने तिची फॅमिली पेन्शन थांबत नाही. पुनर्विवाहाचे नियम वेगळे, आणि ते पेन्शनच्या प्रकारानुसार बदलतात, हेही त्याच दमात सांगायचात.

मुलांसाठीची पंतप्रधान शिष्यवृत्ती, मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये: 60 टक्के गुण हवेत, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा, आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. दुसऱ्या वर्षी आलेल्यांना परत पाठवताना तुमचा चेहरा पडायचा, म्हणून बारावीच्या निकालाआधीच फोन करायची सवय तुम्ही आम्हाला लावलीत.

साहेब, मनापासून आभार. एकच विनंती. खणातली ती पेन्सिलीने लिहिलेली तपासणीची यादी घरी नेऊ नका. झेरॉक्स आमच्याकडे आहे, पण मूळ कागद नव्या संघटकांच्या टेबलावर काचेखाली राहू द्या.

आपले,
वीरपत्नींच्या कागदपत्रांसाठी तुमच्या दारात बसणारे आम्ही सगळे