दुखेल हे आधीच सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लग्न ठरल्यावर दात पांढरे करून घ्यायचे हे माझं पक्कं होतं, म्हणून फोंड्याला तुमच्या दवाखान्यात आले. तुम्ही आधी सगळे दात तपासलेत. सुळ्याजवळची हिरडी सरकून मूळ उघडं पडलं होतं, एका दाढेला कीड होती. दाढ भरली, उघडं मूळ झाकलं, नंतरच पुढचं बोलणं. शिवाय पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधीपासून वापरायला लावलीत, नस शांत राहावी म्हणून.

दात पांढरे करायच्या दवाखान्यातल्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड 25 ते 40 टक्क्यांपर्यंत असतं, ते इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातून, खालच्या डेंटिनच्या थरातल्या बारीक नळ्यांत उतरतं, आतले रंगकण फोडतं आणि जाता जाता नसेलाही चिडवतं, हे तुम्ही कागदावर दाताचं चित्र काढून समजावलंत. "दुखणार नाही असं मी सांगणार नाही. रात्री सणका येतील, एक-दोन दिवसांत ओसरतील. त्यापुढे राहिल्या तर लगेच फोन कर." हे वाक्य माझ्या फार कामी आलं.

कारण जेल लावलं त्या रात्री सणका आल्याच. थंड नाही, गरम नाही, नुसती पडून होते, तरी पुढच्या दातांतून वीज जावी तशी कळ यायची. आई घाबरली, तिला वाटलं नसच गेली. मी तिला तुमचं चित्र दाखवलं, तुम्ही दिलेली गोळी घेतली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळ गेली. आधी कुणी सांगितलं नसतं तर ती रात्र मी रडून काढली असती.

आणखी एक. जेलच्या तिसऱ्या फेरीआधी तुम्ही कसं वाटतंय विचारलंत. मी "चालेल" म्हटलं, पण तुम्ही माझा चेहरा बघून थांबलात. दात अजून एक छटा उजळले असते कदाचित. मला तुमचं थांबणं जास्त मोलाचं वाटतं.

दोन दिवस रंगाचं काही खायचं नाही, म्हणजे हळदीचं हुमण नाही, सोलकढी नाही, चहासुद्धा नाही! आमच्या घरात हे अवघडच. आईने कोमट पेज आणि दूध देऊन निभावलं.

पुढच्या दातातलं जुनं सिमेंट पांढरं होणार नाही, आणि नवं लगेच नीट चिकटत नाही, म्हणून दोन आठवडे थांबायचं, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत. काल ते बदलून झालं. कुठला दात भरलेला आहे ते आता मलाही ओळखता येत नाही.

मनापासून आभार. लग्न मंगेशीला आहे. पत्रिका द्यायला आई आणि मी दोघी येणार आहोत. तुमच्या मदतनीस ताईंनाही घेऊन या.

तुमची,
फोंड्याची एक पेशंट