‘काढून टाका’ म्हणायला काय जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या वाटेतला डबा; गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’) काढावा की बदलावा, यावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला सल्ला वाचला. लगेच लिहायला बसलो असतो तर भाषा राहिली नसती, म्हणून सोमवार उजाडू दिला.

‘गाडी जुनी, कन्व्हर्टर महाग, तेव्हा सरळ पाइप टाकणे व्यवहार्य’ असे लेखकमहाशयांचे म्हणणे. जुनी म्हणजे किती जुनी? ऐंशीच्या दशकातली पद्मिनी असेल तर वादच मिटला, तिला कन्व्हर्टर नसायचाच. पण मुंबई-दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ पासून. आज आपण जिला जुनी म्हणतो ती २००५ ते २०१० मधली गाडी तो धरूनच बनलेली आहे. तो काढून फिरलात तर मोटार वाहन कायद्याच्या प्रदूषणाच्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ही एक ओळ लेखात मावली नाही. चकचकीत सायलेन्सरचा फोटो मात्र ऐसपैस मावला.

माझ्या २००८ च्या गाडीचे सांगतो. पिकअप गेला म्हणून नेहमीच्या गॅरेजात टाकली. संध्याकाळी मालक म्हणाले, “काका, सायलेन्सर चोक होता, मोकळा केला. आता बघा कशी पळते.” पळाली, नाही म्हणत नाही. पण सकाळी चालू केली की पार्किंगमध्ये डोळे चुरचुरायचे आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला ऐकू येईल अशा बेताने खिडकी लावून घ्यायच्या. उलगडा झाला पीयूसीच्या वेळी. माझ्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि मशीनवर आकडा १.४. तिथला मुलगा वाकून बघत म्हणाला, “काका, खाली कॅटच नाही. नुसता पाइप वेल्ड केलाय.” वर मदतीलाही तयार: “मशीनची नळी सायलेन्सरच्या जरा बाहेर धरतो, होऊन जाईल पास.” मी नको म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही गैर बोललो.

गॅरेजात जाऊन विचारले, जुना कॅट कुठे आहे? “तो भंगारात गेला, काका.” बिलावर निळ्या शाईत ‘सायलेन्सर काम’ एवढेच खरडलेले. पाइपाचे पैसे वेगळे, वेल्डिंगची मजुरी वेगळी. आणि ज्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असते तो डबा ठेवून घेतला त्यांनी! २०२१ साली रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. भंगारवाला या डब्याचे रोख पैसे मोजतो हे गॅरेजवाल्याला पक्के ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. ‘व्यवहार्य’ म्हणजे नक्की कोणाच्या व्यवहाराचे, हे लेखकांनी एकदा सांगून टाकावे.

कन्व्हर्टर काढल्यावर मायलेज वाढते असाही शोध लेखात आहे. तुंबलेल्या कॅटशी तुलना केली तर वाढणारच. नाक चोंदले म्हणून नाकच कापायचे आणि वर श्वास मोकळा झाला म्हणायचे, त्यातला हा प्रकार. तो तुंबला का, हे कोणी बघायचे? माझ्या गाडीत ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बघितले. प्लगला ठिणगी पुरवणारी एक कॉइल कमजोर होती, गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे मधूनच पेट्रोल पेटत नव्हते. न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटते, आतली सिरॅमिकची जाळी वितळते आणि धुराची वाट बंद होते. ऑइल खाणाऱ्या इंजिनातही कॅट असाच हळूहळू निकामी होतो. पाइप टाकून माझा आजार बरा झाला नव्हता, झाकला गेला होता.

शेवटी कॉइल आणि प्लग बदलले, कंपनीचा कॅट टाकला. त्याची किंमत आणि माझ्या गाडीची आजची किंमत यांत फारसे अंतर उरले नाही, हे मान्य. स्वस्तातले लोकल मिळतात, पण आत खरा माल किती हे डबा फोडल्याशिवाय कळत नाही. आणि एक, पीयूसीला जाण्याआधी गाडी चांगली तापू द्यावी. अडीचशे-तीनशे अंशांच्या आत कॅट कामालाच लागत नाही. वाचकांच्या उपयोगाचे ते हे, पण ते लिहायला जागा नव्हती.

जाता जाता. मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याची बातमी आपण वरचेवर देता. ठीक आहे, ती दिलीच पाहिजे. पण ‘आतल्या मातीला इतका भाव’ (माती म्हणजे कॅटमधल्या त्या मौल्यवान धातूंचा भुगा) हा चौकटीतला आकडा कोणासाठी असतो? आमच्या सोसायटीच्या दारात दूधवाल्याची इको उभी असते. त्याने सायलेन्सरला खालून लोखंडी पिंजरा वेल्ड करून घेतलाय, पदरचे पैसे घालून. सराफ बाजाराच्या शेजारी मातीचे भाव छापणे तेवढे थांबवता आले तर बघा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे