आई-बाबा, मी लिएजला जातेय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, बाबा ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणाले असते आणि पुढचं माझ्याच्यानं बोलवलं नसतं. म्हणून लिहितेय. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातली दोन वर्षांची संशोधनाची जागा मी घेतलीय. गुरुवारी होकार कळवला. इंदूरच्या कॉलेजला नाही म्हणून सांगितलं. त्या नोकरीच्या आशेवर तुम्ही वरची खोली रंगवायला काढली होतीत, हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटतंच.

सुमनमावशी म्हणेल, परदेशाची हौस. म्हणू दे. तुम्हाला मात्र कारण नीट कळायला हवं.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता, आपला ओशनसॅट-३ उपग्रह वर आहे, मग अडतं कुठे? २६ नोव्हेंबर २०२२ ला तो सुटला तेव्हा टीव्हीसमोरून उठला नव्हतात. त्याचा कॅमेरा प्रकाशाच्या १३ पट्ट्यांत समुद्राचा रंग टिपतो. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की त्यांचं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं आणि पाणी हिरवट दिसतं. तो रंग आणि पाण्याचं तापमान बघून हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांना कळवते की मासे कुठे मिळायची शक्यता आहे. पण रंग दिसायला सूर्यप्रकाश लागतो. मध्ये ढग आला की संपलं. तापमान मायक्रोवेव्हनं ढगाआडूनही कळतं, रंग काही केल्या कळत नाही. आणि कुठल्याही क्षणी पृथ्वीचा साधारण दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो.

आपल्याकडे तर आणखीच पंचाईत. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यामुळे केरळच्या किनाऱ्याला, तिकडे सोमालिया-ओमानला, खालचं थंड पोषक पाणी वर येतं. अरबी समुद्र या सूक्ष्म वनस्पतींनी सगळ्यात जास्त फुलतो तो तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच आभाळ गच्च. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. कर्ज काढून डिझेल भरलेल्या बोटी ऑगस्टात निघतात आणि आमच्या पडद्यावर सगळं कोरं. गेल्या ऑगस्टातलं एक चित्र मी जपून ठेवलंय : रत्नागिरीपासून खाली मंगळुरूपर्यंत पांढरंच पांढरं, मध्ये बोटभर फट आणि तिच्यात चार-पाच हिरवे ठिपके. त्या ठिपक्यांच्या आजूबाजूला तेव्हा काय चाललं होतं, हे शोधल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

अशा कोऱ्या जागा भरायची एक पद्धत बेकर्स आणि रिक्सेन या समुद्राच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडली. लिएजला त्यावर अजून काम चालू आहे. वर्षानुवर्षांची चित्रं एकत्र घेऊन समुद्राचे कुठले भाग बरोबरीनं बदलतात ते काढायचं आणि त्यावरून ढगांखालचं भरायचं. ठाऊक असलेले काही ठिपके मुद्दाम झाकून ते बरोबर भरले जातात का, हेही तपासायचं. आई, तू उत्तरावर हात ठेवून गणित पुन्हा सोडवायला लावायचीस ना, अगदी तसं! पण आठवडेच्या आठवडे आभाळ बंद असलं की ही पद्धतही चाचपडते. पाण्यात तरंगणाऱ्या यंत्रांची मोजमापं जोडून आपल्या पावसाळ्यात ती टिकेल का, हे मला बघायचंय. आपल्या समुद्राचं काम आहे ते, फक्त शिकायला तिकडे जावं लागतंय.

काळजी करू नका. खोली विद्यापीठाजवळच आहे, हीटर आहे, स्वयंपाकघर आहे. लहान कुकर आणि आईचा गोडा मसाला नेतेय, पोहेही. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथले साडेपाच, थंडीत साडेचार. रोज त्याच वेळी फोन करीन. पहिल्या दिवाळीला घरी येतेय, तिकीट काढूनच ठेवते.

हर्णैला पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मी बाबांच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हते. बाबांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आईच्या एका हातात तिघांच्या चपला, दुसऱ्या हातानं माझा पाय घट्ट धरलेला. परवा बॅग भरताना ते आठवलं आणि मग काही भरवेनाच.

आता मुकाट्यानं ऐका. बाबा, स्टेंटनंतरची गोळी सकाळच्या चहाआधी, ‘नंतर घेतो’ चालणार नाही. अंधार पडला की स्कूटर काढायची नाही, राजवाड्यापर्यंतसुद्धा नाही. नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी बादल्या शेजारचा बंटी चढवील, मी त्याच्याशी बोललेय. पैसे द्या, तो नको म्हणेल तरी द्या. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघता बघता कर, पण कर. चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीला रिक्षानं जा. बँकेच्या नावानं कुणी फोन करून ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा, भाऊकाकांचं काय झालं ते विसरू नका. दादा महिन्यातून एकदा पुण्याहून येईल, त्याला मी सांगितलंय. तो आला की ते जुनं बोलणं काढू नका, बाबा.

वरच्या खोलीचा रंग थांबवू नका. आईला हवा तोच लावा. आणि बाबांच्या नव्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो आजच्या आज पाठवा, मागच्या खेपेसारखा अर्धा नको.

तुमची,
मनू